शोध न थांबवणारा राजा

एखाद्या मोठ्या पुढाऱ्याची सत्ता गेली, त्याच्यावर खटला उभा राहिला, किंवा ज्यांना त्याने मोठे केले त्यांनीच त्याची साथ सोडली, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक शब्द हमखास वाचायला मिळतो : शोकांतिका. अमक्याच्या राजकीय जीवनाची शोकांतिका झाली, असे लिहिले जाते आणि आपणही मान हलवतो. पण हा शब्द वाटतो तितका साधा नाही. शोकांतिकेचा नायक म्हटले की त्या माणसाविषयी करुणा उत्पन्न होते, त्याच्या चुकीला एक प्रकारची भव्यता येते, आणि त्याने ज्यांचे नुकसान केले ती माणसे रंगमंचाच्या अंधारात जातात. म्हणून हा शब्द कोणाला लावावा आणि कोणाला लावू नये, हा केवळ साहित्याचा प्रश्न राहत नाही. तो न्यायाचा आणि विवेकाचा प्रश्न होतो.

या प्रश्नाचा विचार करताना प्रथम आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. आपल्याकडे दुर्योधन दोन आहेत. एक महाभारतातला आणि दुसरा भासाच्या 'ऊरुभंग' या नाटकातला.

महाभारतातला दुर्योधन मांड्या मोडून धुळीत पडलेला आहे. अकरा अक्षौहिणी सेना संपली, भाऊ गेले, कर्ण गेला. तरी तो आपल्या आयुष्याचा हिशेब मांडतो तो असा : मी अध्ययन केले, दाने दिली, पृथ्वीचे राज्य भोगले, शत्रूंच्या मस्तकावर पाय दिला, आणि आता क्षत्रियाला शोभेल असे मरण मला येत आहे, माझ्यापेक्षा चांगला शेवट कोणाचा? या हिशेबात द्यूतसभा नाही, लाक्षागृह नाही, द्रौपदी नाही. त्यानंतर तो अश्वत्थाम्याला सेनापतिपदाचा अभिषेक करवतो. त्या रात्री झोपलेल्या माणसांची कत्तल होते, द्रौपदीचे पाचही पुत्र मारले जातात, आणि ती बातमी ऐकून समाधानाने दुर्योधन प्राण सोडतो.

भासाचा दुर्योधनही तसाच मांड्या मोडून पडलेला आहे. लहानगा दुर्जय धावत येतो आणि नेहमीप्रमाणे वडिलांच्या मांडीवर बसायला जातो. आता मांडी उरलेली नाही. बलराम संतापलेला आहे, कारण भीमाने गदायुद्धाचा नियम मोडला. पण दुर्योधन त्यालाच शांत करतो. मुलाला सांगतो की पांडवांची माझ्यासारखीच सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ. अश्वत्थामा सूडाची भाषा बोलू लागतो, तेव्हा दुर्योधन त्याला आठवण देतो की द्रौपदीचे केस मी ओढवले, अभिमन्यूला मी मारवले, पांडवांना मी वनात धाडले. त्या मानाने त्यांनी माझे काय केले? अश्वत्थामा ऐकत नाही हा भाग वेगळा. पण राजाने आपला हिशेब स्वतःच्या तोंडाने आणि खरा मांडला.

दोघांची चूक एकच, पतनही एकच. गदेचा घाव एकाच जागी बसला आहे. तरी पहिला दुर्योधन आपल्याला पराभूत राजा वाटतो आणि दुसऱ्यासाठी डोळ्यांत पाणी येते. फरक कुठे पडला? पतनानंतर त्याने स्वतःकडे कसे पाहिले, तेथे पडला. आणि आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. महाभारताला आपण इतिहास म्हणतो आणि 'ऊरुभंग' हे नाटक आहे. इतिहासातला राजा शेवटपर्यंत आपलेच बरोबर म्हणत गेला. नाटकातल्या राजाने आपली चूक ओळखली. नाटकातला नायक आणि प्रत्यक्ष राजकारणातला नेता यांच्यात जे अंतर असते, ते या दोन दुर्योधनांतच दिसते.

ग्रीकांच्या देशात अ‍ॅरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याने शोकांतिकेचा विचार फार बारकाईने केला. त्याचे म्हणणे असे की शोकांतिकेचा नायक अगदी साधुपुरुषही नसावा आणि अगदी दुष्टही नसावा. तो आपल्यासारखा, पण मोठ्या पदावरचा माणूस असावा. त्याच्या हातून एक चूक घडते. त्यासाठी अ‍ॅरिस्टॉटलने वापरलेल्या शब्दाचा मूळ भाव 'नेम चुकणे' असा आहे. त्या चुकीपोटी त्याचे दैव उलटते. आणि त्याबरोबर तिसरी एक गोष्ट घडते : तो अज्ञानातून ज्ञानात येतो, त्याला ओळख पटते. दैव उलटणे आणि ओळख पटणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या तर ते सर्वांत उत्तम, असे सांगून त्याने सोफोक्लीस या नाटककाराच्या 'ईडिपस राजा' या नाटकाचा दाखला दिला.

या तिन्हींपैकी पहिल्या दोन गोष्टी राजकारणात विपुल आहेत. चुका सगळ्यांच्याच होतात, आणि खुर्ची कोणालाही जन्मभर पुरत नाही. तिसरी गोष्ट मात्र दुर्मीळ आहे. आणि माझे म्हणणे असे की त्या तिसरीवाचून शोकांतिका हा शब्द वापरणे म्हणजे खोटे नाणे चालवण्यासारखे आहे.

ईडिपसची कथा थोडक्यात पाहू. थीब्ज नगरीत साथ पसरली आहे. शेते करपली, गुरे मेली, बाळंतिणी दगावू लागल्या. नाटकाची सुरुवातच या दीन प्रजेपासून होते. लोक राजाच्या दाराशी येऊन बसले आहेत. देवाचा कौल येतो की पूर्वीच्या राजाचा, लायसचा, खुनी याच नगरात आहे. तो सापडून बाहेर जाईपर्यंत साथ हटणार नाही. ईडिपस सर्वांसमोर जाहीर करतो की मी त्याला शोधीन, आणि तो माझ्या घरात आश्रयाला असला तरी हा शाप मलाही लागो. प्रेक्षकांना ठाऊक असते की तो खुनी स्वतः ईडिपसच आहे. त्याला मात्र ठाऊक नाही. लायस हा आपला जन्मदाता पिता, हेही त्याला ठाऊक नाही.

आता येथे एक गोष्ट मुद्दाम पाहावी. सुरुवातीला ईडिपस अगदी आपल्या ओळखीच्या पुढाऱ्यासारखा वागतो. आंधळा द्रष्टा टायरेसियस त्याला सत्य सांगतो, तेव्हा तो भडकतो. तुला कोणी फितवले, असे विचारतो. मेहुणा क्रेऑन माझी गादी बळकावू पाहतो आहे, हा सगळा कट आहे, असे म्हणतो. म्हणजे नायक हा काही जन्मतः वेगळ्या मातीचा नसतो. सत्य बोचले की त्यालाही प्रथम कटच दिसतो.

पण पुढे काय होते? एकेक साक्षीदार येतो, आणि एकेक धागा त्याच्याच अंगणाकडे येऊ लागतो. राणी जोकास्टाला सत्य आधी कळते. ती त्याला विनवते की आता पुरे, पुढे विचारू नकोस. म्हातारा धनगर सत्य सांगायला धजत नाही. ईडिपस राजा आहे. त्याने एक शब्द उच्चारला असता तर चौकशी तेथेच थांबली असती. धनगर आनंदाने घरी गेला असता. पण तो थांबत नाही. जे ऐकण्याची त्यालाही भीती वाटते ते तो विचारून घेतो. आणि ऐकल्यावर स्वतः उच्चारलेली शिक्षा स्वतःवर घेतो. देवाने हे दुःख आणले असेल, पण डोळ्यांवर घाव घालणारा हात माझाच, हा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. दैवाकडे बोट दाखवून तो सुटत नाही.

शोकांतिकेतला मोठेपणा येथे आहे. तो राजा होता म्हणून मोठा नव्हे, पडला म्हणून तर नव्हेच. चौकशी थांबवणे त्याच्या हातात असताना त्याने ती थांबवली नाही, म्हणून तो मोठा.

याच्या शेजारी प्रत्यक्ष इतिहासातला एक नेता ठेवून पाहू. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या जीवनाला शोकांतिका म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि वरवर पाहता ती तशी दिसतेही. गरीब घरातला, कष्टाने वर आलेला हा माणूस. १९६० मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक थोडक्यात हरला, १९६८ मध्ये जिंकला. १९७२ च्या फेब्रुवारीत चीनला जाऊन त्याने जगाच्या राजकारणाची दिशा बदलली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ५० पैकी ४९ राज्ये जिंकून तो पुन्हा निवडून आला. आणि दोन वर्षांच्या आत, ९ ऑगस्ट १९७४ रोजी, त्याला पद सोडावे लागले. अमेरिकेच्या इतिहासात राजीनामा देणारा तो एकमेव अध्यक्ष.

कारण काय? १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत शिरलेले पाच जण पकडले गेले. त्यांचे धागे निक्सनच्या निवडणूक यंत्रणेपर्यंत पोहोचत होते. येथे निक्सन आणि ईडिपस एकाच जागी उभे आहेत. दोघांच्याही राज्यात गुन्ह्याची चौकशी सुरू झाली आहे, आणि दोघांच्याही हातात ती पुढे नेण्याची किंवा बंद करण्याची सत्ता आहे. निक्सनने काय केले? घटनेनंतर सहाच दिवसांनी, २३ जूनला, गुप्तहेर खात्याकरवी पोलिसी तपास रोखण्याच्या योजनेला त्याने संमती दिली. पुढच्या वर्षी, २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी रात्री, त्याच्या ध्वनिफिती मागणाऱ्या विशेष सरकारी वकिलाला त्याने काढून टाकायला लावले. ते काम करण्यापेक्षा खुद्द अ‍ॅटर्नी जनरलने राजीनामा दिला. नोव्हेंबरात त्याने पत्रकारांसमोर सांगितले की मी काही लबाड नाही.

दैवाचा खेळ असा की त्याला बुडवणारा साक्षीदार त्याने स्वतःच घरात आणून बसवला होता. आपल्या कार्यालयात होणारे प्रत्येक बोलणे टिपणारी यंत्रणा १९७१ मध्ये त्याच्याच सांगण्यावरून बसवली गेली होती. इतिहासात आपली कीर्ती नीट नोंदली जावी म्हणून ठेवलेल्या त्या फितींनीच त्याचा आवाज जगाला ऐकवला. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या फिती देण्याचा एकमुखी आदेश दिला. २३ जूनचे ते संभाषण ५ ऑगस्टला बाहेर आले आणि चार दिवसांत सगळे संपले.

सोफोक्लीसलासुद्धा यापेक्षा नेमकी रचना सुचली नसती. पण रचना शोकांतिकेची असली तरी नायक शोकांतिकेचा नाही. ईडिपसने धनगराला बोलते केले. निक्सनने धनगराला गप्प बसवण्याची खटपट केली. पुढे १९७७ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या दीर्घ मुलाखतीत आपण देशाला निराश केले, असे तो म्हणाला खरा. पण त्याच मुलाखतमालेत, अध्यक्षाने एखादी गोष्ट केली म्हणजे ती बेकायदेशीर ठरत नाही, असेही म्हणाला. चुका झाल्या, हे त्याने अनेकदा सांगितले. गुन्हा केला, हे कधी सांगितले नाही.

तरीही एक क्षण असा आला की पडदा थोडासा बाजूला झाला. पद सोडण्याच्या दिवशी सकाळी आपल्या कर्मचाऱ्यांचा निरोप घेताना तो आईविषयी बोलला, डोळे पुसले, आणि मग अशा अर्थाचे काही बोलला की लोक तुमचा द्वेष करतील, पण तुम्ही त्यांचा द्वेष करू लागल्याशिवाय ते जिंकत नाहीत; तुम्ही द्वेष करू लागलात की स्वतःचाच नाश करून घेता. ज्याच्या कचेरीत शत्रूंच्या नावांची यादी तयार झाली होती, त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघाले. तो दुसऱ्यांना उपदेश करत होता की स्वतःचे निदान सांगत होता, कोण जाणे. इतकेच म्हणता येईल की दाराची फट तेवढी उघडली होती.

आता निक्सनला शोकांतिकेचा नायक म्हणण्यात जी खरी अडचण आहे ती पाहू, कारण ती आपल्या अगदी जवळची आहे. १९७१ च्या मार्चमध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तल सुरू केली. त्या वर्षात सुमारे एक कोटी माणसे घरदार सोडून भारतात आली. ढाक्यातला अमेरिकेचा प्रमुख अधिकारी होता आर्चर ब्लड. त्याच्या कचेरीतल्या वीस अमेरिकनांनी सह्या करून ६ एप्रिल १९७१ रोजी आपल्याच सरकारला तार पाठवली की येथे लोकशाही चिरडली जात आहे आणि आपले सरकार त्याचा निषेधसुद्धा करत नाही. ब्लडने ती तार आपल्या पाठिंब्यासह रवाना केली. निक्सनला पाकिस्तानच्या मध्यस्थीने चीनचे दार उघडायचे होते. तारेचा उपयोग झाला नाही. ब्लडची मात्र ढाक्याहून बदली झाली. डिसेंबरात निक्सनने विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे धाडले, हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला आजही आठवते.

थीब्जच्या टायरेसियसला निदान राजासमोर उभे राहून बोलायला मिळाले. ढाक्याच्या टायरेसियसला बदलीचा हुकूम मिळाला. आणि निक्सन पडला तो या एक कोटी माणसांसाठी पडला नाही. तो पडला एका कचेरीतल्या चोरट्या शिरकावासाठी आणि तो झाकण्यासाठी केलेल्या खटाटोपासाठी. जेव्हा आपण 'निक्सनची शोकांतिका' म्हणतो, तेव्हा ज्या आईने जेसोरच्या रस्त्यावर पावसात लेकरू गमावले तिच्यासाठी त्या कथेत जागाच उरत नाही. नाटकातल्या नायकाची गोष्ट सोफोक्लीसने प्रजेच्या दुःखापासून सुरू केली होती. नेत्याची शोकांतिका आपण त्याच्या स्वतःच्या दुःखापासून सुरू करतो आणि तेथेच संपवतो. हा अन्याय आहे, आणि तो करुणेच्या नावाने होतो म्हणून अधिक लबाड आहे.

शेक्सपिअरच्या लिअर राजाला हे वादळात कळले. राज्य गेले, मुलींनी दारे लावली, डोक्यावर छप्पर नाही. तेव्हा त्या म्हाताऱ्याला प्रथमच आठवण होते ती अशाच रात्री उघड्यावर कुडकुडणाऱ्या गरिबांची. मी राजा असताना यांच्याकडे फार थोडे लक्ष दिले, असे तो कबूल करतो. त्याची ओळख स्वतःच्या दुःखाशी थांबली नाही, ती दुसऱ्याच्या दुःखापर्यंत गेली. अनुताप खरा की नुसती हळहळ, हे पाहण्याची ही चांगली कसोटी आहे. 'माझे काय झाले' यात हळहळ आहे. 'माझ्यामुळे त्यांचे काय झाले' येथे अनुताप सुरू होतो.

यावर कोणी विचारवंत आक्षेप घेईल, आणि तो खोटा नाही. तो म्हणेल, नाटकातल्या नायकाच्या पाठीशी कवी असतो. कवी त्याला शेवटी चार शहाणे शब्द देतो. खऱ्या नेत्याच्या पाठीशी वकील असतो, आणि वकील सांगतो की काही कबूल करू नका. ईडिपसच्या कबुलीने पडदा पडतो. नेत्याच्या कबुलीने खटला उभा राहतो, पक्ष फुटतो, कधी दंगलही होते. शिवाय कोणाच्या अंतरात काय चालले आहे हे आपल्याला कसे कळणार? कदाचित तो रात्रभर जागत असेल.

हे सगळे मान्य करावे. अंतर्यामी काय आहे ते जाणणारे आपण कोण? पण मग निर्णयही तेवढ्यापुरताच करावा. ज्याचा अनुताप आपल्याला दिसत नाही त्याला पापी ठरवण्याचा अधिकार आपल्याला नसेल, तर त्याला शोकांतिकेचा नायक ठरवण्याचाही नाही. आणि कबुलीची किंमत भारी असते, हे कारण नेत्याला लागू पडते तसे ईडिपसलाही पडते. त्याचे काय कमी गेले? राणी गेली, राज्य गेले, डोळे गेले. कबुलीला किंमत पडते म्हणूनच तिला अर्थ आहे.

मग प्रत्यक्ष राजकारणात असा कोणी झालाच नाही का? एक नाव आपल्याच भूमीत आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर कलिंग देश जिंकला. त्याच्या तेराव्या शिलालेखात त्याने स्वतः आकडे दिले आहेत : दीड लाख माणसे कैद करून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कित्येक पट मेली. जिंकलेला राजा हे आकडे सहसा पराक्रम म्हणून कोरतो. अशोकाने ते दुःख म्हणून कोरले. तेथे राहणाऱ्या साध्या गृहस्थांचे आप्त, मित्र, सोबती या युद्धात दुखावले, हे आपल्या मनाला फार जड वाटते, असे तो लिहितो. आणि त्याच्या शंभराव्या किंवा हजाराव्या हिश्शाइतकी हानी झाली तरी आज आपल्याला ती सलेल, असेही. त्याच्यावर कोणी खटला भरला नव्हता. तो हरला नव्हता. चौकशी त्याने स्वतःच स्वतःची केली आणि निकाल दगडावर खोदला.

पण अशोकालाही आपण डोळे मिटून हार घालू नये, कारण येथेही एक गोष्ट विचारात पाडणारी आहे. कलिंगात, म्हणजे आजच्या ओडिशात, धौली आणि जौगड येथे अशोकाचे शिलालेख आहेत. तेथे हा तेरावा लेख नाही. त्याच्या जागी अधिकाऱ्यांना उद्देशून वेगळे आदेश आहेत : सर्व माणसे माझी लेकरे आहेत, कोणाला विनाकारण बंदीत टाकू नका. आदेश सुंदर आहेत. परंतु अनुतापाचे शब्द दूरच्या गिरनारला वाचायला मिळाले आणि ज्यांची माणसे मेली त्यांना मिळाले नाहीत. जखमेवर पुन्हा बोट ठेवू नये हा विचार असेल, किंवा जिंकलेल्या लोकांपुढे राजाने नमते दिसू नये ही काळजी असेल. कलिंगही त्याने परत केले नाही. तर एवढ्या मोठ्या पश्चात्तापातही कोठेतरी राजा शिल्लक राहिला. यावरून अशोक लहान ठरत नाही. कबुलीचा शेवटचा टप्पा, ज्याचे नुकसान केले त्याच्यासमोर उभे राहण्याचा, किती अवघड असतो एवढे मात्र कळते.

हे झाले राजांचे. आता प्रजेचे, म्हणजे आपले. नेता चौकशी थांबवू शकतो ते एकट्याच्या बळावर नव्हे. त्याने 'हा कट आहे' म्हटले की 'होय, कटच आहे' म्हणणारे हजारो कंठ लागतात. महाभारताच्या सभेत द्रौपदीचा प्रश्न ऐकून भीष्म-द्रोणांसारखे थोर गप्प बसले. विकर्ण, दुर्योधनाचा धाकटा भाऊ, तेवढा बोलला, आणि त्याला कर्णाने गप्प केले. आपण नेत्यावर प्रेम करतो हे वाईट नाही. पण ज्या प्रेमात प्रश्न विचारायची मुभा नसते, ते प्रेम जोकास्टासारखे असते. 'आता पुढे विचारू नकोस' असे तीही प्रेमानेच म्हणाली होती.

आपल्या परंपरेत याच्या उलट शिकवण देणारी एक गोड कथा आहे. तेरढोकीला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी मडकी पारखतात तसे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थोपटून पाहिले. बाकी सगळे शांत बसले. नामदेवराय मात्र रागावले. प्रत्यक्ष पांडुरंग ज्यांच्याशी बोलतो, त्यांना हे काय? आणि गोरोबाकाकांनी निकाल दिला की हे मडके कच्चे आहे. नामदेवरायांना अपमान वाटला, ते देवाकडे तक्रार घेऊन गेले. देवाने त्यांची बाजू घेतली नाही, विसोबा खेचरांकडे पाठवले. आणि ते गेले.

या कथेत आणि ईडिपसच्या कथेत एक सारखेपणा आहे. दोघांनाही प्रथम राग आला. सत्य ऐकून राग येणे हे माणूसपणच आहे, त्यासाठी कोणाला कमी लेखू नये. पण रागाच्या पुढचे पाऊल कोणत्या दिशेला पडले, यावर सगळे ठरले. फरक एवढाच की ईडिपसला ओळख पटली तेव्हा सगळे उद्ध्वस्त झाले होते, आणि नामदेवरायांना वेळेवर पटली. शोकांतिका टळू शकते ती अशी. ज्याच्याभोवती थापटणे घेऊन बसलेले कोणी असते आणि ज्याला ते डोक्यावर घेता येते, त्याला वादळापर्यंत थांबावे लागत नाही.

नेत्याची पारख करताना म्हणून तो किती उंचावरून पडला हे पाहू नये. त्याच्यावर प्रश्न आला तेव्हा त्याने प्रश्न विचारणाऱ्याचे काय केले, ते पाहावे. त्याच्या दुःखकथेत त्याच्यामुळे दुःखी झालेली माणसे आहेत की नाहीत, ते पाहावे. आणि हीच पारख आपल्या हातातल्या लहानसहान सत्तेलाही लावावी. घरातला कर्ता पुरुष, सुनेवर हुकूम चालवणारी सासू, गावच्या सोसायटीचा चेअरमन, देवस्थानचा विश्वस्त, दिंडीचा चालक, ज्याच्या शब्दावर दहा माणसे उठतात असा प्रत्येक जण आपल्यापुरता थीब्जचा राजाच असतो. दिंडीच्या हिशेबात पाचशे रुपये कमी आले आणि कोणी तरुण पोराने भर बैठकीत विचारले, तर त्या पोराकडे आपण कसे पाहतो? त्याला दुसऱ्या वर्षी बोलावतो की टाळतो?

राज्ये आणि सिंहासने दूर आहेत. तो पोरगा मात्र उद्याच्या बैठकीला येणार आहे. त्याला बसायला जागा द्यावी आणि हिशेबाची वही त्याच्यापुढे ठेवावी.